भर पावसात दुचाकीवर? आधी रस्ता ओळखा

पावसाळा सुरू झाला, की पुण्या-मुंबईच्या तरुणाईला ताम्हिणी आणि माळशेज घाट खुणावू लागतात. आभाळ भरून आलेले असले, तरी रविवारी पहाटे दुचाक्या बाहेर पडतातच. मात्र, ओल्या रस्त्याचे गणित ठाऊक नसेल, तर ही हौस जिवावर बेतू शकते.

सर्वाधिक धोका असतो तो पहिल्या सरींत. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि टायरच्या रबराचे कण पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. जोरदार पावसात तो धुऊन गेल्यावर पकड काहीशी सुधारते. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे मात्र पावसाळाभर निसरडी राहतात.

ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. त्यामुळे वेग वळणापूर्वीच कमी करावा आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९पासून ‘एबीएस’ सक्तीचे करण्यात आले. ब्रेक दाबल्यावर चाक जखडू नये, याची काळजी ही यंत्रणा घेते. निसरड्या रस्त्याला पकड देणे मात्र तिच्या हाती नाही.

पूर आलेल्या नदीवरील पुलाची अवस्था वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल वाहून गेला आणि दोन एसटी बससह काही वाहने पुरात कोसळली. म्हणूनच निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि ‘रेड अलर्ट’ असेल, तर सफर पुढच्या रविवारवर ढकलावी.