शिंगराची चाल का आखडते?

घोड्याचे शिंगरू वर्षभरात पूर्ण वाढीच्या सुमारे ९० टक्के उंची गाठते. डोळ्यांना ते तयार घोडा वाटते, पण हाडे अजून कच्ची असतात. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते आणि तिथूनच हाड वाढते. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची ही चकती दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास हाडात मिसळून जाते. पाठीच्या मणक्यांना मात्र पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी अडीच वर्षांच्या आसपास येते. दात पाहून घोडा घेणाऱ्याला ती जोडी दिसली, तर गुडघ्यावरचे हाड नुकतेच पक्के होत आहे असे समजावे. पाठ अजूनही कच्चीच असते.

कोल्हापूर-सांगली भागात जत्रेतल्या घोडागाडी शर्यती, लग्नाच्या वराती आणि रंकाळा तलावाकाठच्या फेऱ्या यांसाठी घोडे पाळले जातात. कामाची घाई झाली की पहिला ताण या चकत्यांवर येतो. त्या सुजल्या की गुडघ्यावरचा किंवा नळीच्या खालच्या टोकाचा भाग जाडसर दिसतो, हाताला किंचित गरम लागतो आणि शिंगरू पावले आखूड टाकते. भराभर वाढणाऱ्या, भरपूर चंदी खाणाऱ्या शिंगरांत हे अधिक आढळते. शर्यतीच्या तरुण घोड्यांत आणखी एक दुखणे दिसते. कठीण जमिनीवर वेगाने पळवल्यास पुढच्या पायांच्या नळीची समोरची बाजू दुखरी होते आणि तिथे हात लावताच घोडा पाय ओढून घेतो. दोन्ही प्रकारांत विश्रांती आणि बेताचा खुराक हाच मुख्य उपाय असतो.

काही शिंगरांत सांध्यातली कूर्चा नीट पक्की होत नाही आणि तिचा तुकडा सुटतो. सांधा पाणी धरून फुगतो. मागच्या पायाच्या ढोपरात हे ठळक दिसते. याचे निदान एक्स-रेवर होते आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने तुकडा काढतात. मागच्या पायाच्या वाटीचा दोष वेगळा असतो. वाटी अडकली की पाय मागे ताठ राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासत जाते आणि थोड्या वेळाने पाय झटक्याने सुटतो. हडकुळ्या, अशक्त मांड्यांच्या तरुण घोड्यांत हे जास्त होते. अंगावर मांस आले आणि नियमित चाल मिळाली की अनेकांचा हा त्रास ओसरतो.

कोल्हापुरात चाऱ्याचा प्रश्न खास महत्त्वाचा आहे. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस सुमारे आठ ते दहा पट असतो, तर घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्तच असावे लागते. हत्तीगवत आणि गाळप हंगामात मुबलक मिळणारे उसाचे वाढे यांत ऑक्झॅलेट असते. ते आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे पोटात गेलेले कॅल्शियमही अंगी लागत नाही. रक्तातली तूट भरून काढण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम ओढते. मग घोडा आज एका पायाने, उद्या दुसऱ्या पायाने लंगडतो, पाठ अवघडते आणि पुढे जबड्याची हाडे फुगून तोंड सुजल्यासारखे दिसते. कोंडा कमी करून लसूणघास देणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण सुरू करणे हा यावरचा मार्ग आहे.

स्नायूंचे आखडणे अचानक येते. सुटीच्या दिवशी पूर्ण चंदी दिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला, की काही मिनिटांत त्याला घाम फुटतो, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात आणि तो पुढे पाऊल टाकत नाही. लघवी कॉफीच्या रंगाची झाल्यास मूत्रपिंडाला धोका असतो. अशा घोड्याला चालवत घरी नेऊ नये; जागीच थांबवून पशुवैद्यकाला बोलवावे. चंदीच्या पोत्यात तोंड घालून बेसुमार धान्य खाल्लेल्या घोड्याच्या खुराच्या आतील भागाला दाह होतो. खूर गरम लागते आणि तो पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर भार घेतो. चुकीचा नाल, खुरात गेलेला खिळा किंवा वाढलेले खूर हीदेखील साधी पण वारंवार दिसणारी कारणे आहेत, म्हणून तपासणीची सुरुवात खुरापासून करतात.

संसर्गाने येणारा आखडलेपणा सर्वांत तातडीचा. नवजात शिंगराला पहिल्या काही तासांत आईचा चीक पुरेसा मिळाला नाही, तर नाळेतून शिरलेले जंतू सांध्यांत पोचतात. सांधा सुजतो, ताप येतो आणि दिवसभराचा उशीरही सांधा कायमचा खराब करू शकतो. धनुर्वातात घोडा चारही पाय ताठ करून उभा राहतो, कान उभे व घट्ट होतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा बाहेर येतो. या रोगाला घोडा फार लवकर बळी पडतो. लसीकरण हाच भरवशाचा उपाय आहे. चावणाऱ्या माशांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात ताप येत-जात राहतो, घोडा खातो तरी वाळतो, पोटाखाली सूज येते आणि मागचे पाय लटपटतात. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबातील घोड्या-उंटांच्या रक्तात या रोगाचा परजीवी शोधला. त्याची खात्री आजही रक्त तपासूनच होते.

मागचे पाय लटपटण्याचे कारण मानेतही असू शकते. वाढत्या मणक्यांनी मज्जारज्जू दाबला गेला, की घोडा वळताना अडखळतो आणि पाय वाकडेतिकडे टाकतो. तो लंगडत नाही, त्याला पाय कुठे पडतोय तेच कळत नाही.

निदानासाठी घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर आधी चालवून आणि मग दुडक्या चालीने पळवून पाहतात. पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलले जाते, चांगला पाय टेकताना खाली जाते. मग खूर, सांधे आणि स्नायू चाचपून पाहतात. ताप मोजतात, पूर्ण वाढीच्या घोड्याचे तापमान ३८.५ अंश सेल्सियसच्या आत असते, लहान शिंगराचे थोडे अधिक. तपासणीपूर्वी दुखणे थांबवणारे औषध दिले, तर लंगडणे झाकले जाते आणि मूळ जागा सापडत नाही. एक्स-रे आणि रक्ततपासणीची गरज पडल्यास पशुवैद्यक पुढची दिशा सांगतात. पुणे-कोल्हापूर महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वय, गेल्या महिन्याचा चारा, कामाचे तास आणि आखडलेपणा केव्हा सुरू झाला, ही माहिती मालकाने तयार ठेवली तर कारण लवकर सापडते.