ताप आहे, आणि ताप किती आहे

मूल रात्रीं कण्हूं लागलें कीं आईचा हात प्रथम त्याच्या कपाळावर जातो. ‘अंग तापलें आहे,’ असें ती म्हणते. हें ज्ञान खोटें नव्हे; पण तें गुणात्मक आहे. ‘किती?’ या प्रश्नाला हाताजवळ उत्तर नसतें. शिवाय साक्षीदार म्हणून हात थोडा लहरीच. एक हात गार पाण्यांत व दुसरा ऊन पाण्यांत ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यांत घातले, तर तेंच पाणी एकाला ऊन व दुसऱ्याला गार लागतें. चुलीपाशीं बसलेल्या आईला व नुकतीच भांडीं घासून उठलेल्या मावशीला एकाच कपाळाचा ताप निराळा वाटतो, तो यामुळेंच.

परिमाणात्मक मापनांत गुण तोच राहतो. त्याचें कमीअधिकपण मात्र ठराविक एककांत सांगावयाचें, आणि कोणीहि मोजलें तरी उत्तर तेंच यावें, अशी अट असते. लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनीं १८६८ मध्यें तापावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागें सुमारें २५,००० रोग्यांच्या नोंदी होत्या, आणि त्याहि फूटभर लांबीचा तापमापक कांखेंत बराच वेळ धरून घेतलेल्या! एकेक आंकडा फारसें बोलत नाहीं. ते तासावारीं ओळीनें मांडले तेव्हां दिसलें कीं, विषमज्वराचा ताप पहिल्या आठवड्यांत पायरीपायरीनें चढतो, आणि हिवतापाचा एक प्रकार एक दिवस सोडून उसळतो. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचें लक्षण आहे, हें यांतून ठसलें. आयुर्वेदानें तृतीयक व चातुर्थिक हीं ज्वराचीं नांवें फार पूर्वींच दिलीं होतीं. दिवस मोजणें हेंहि मापनच, फक्त तेथें पारा नव्हता.

आंकड्याची भुरळ मात्र सांभाळावी. वुंडरलिश यांनीं निरोगी माणसाची सरासरी सेल्सिअसचे ३७ अंश धरली. फॅरनहाइटमध्यें तिचे ९८.६ होतात. तो दशांश निव्वळ गुणाकारांतून आला, निरीक्षणांतून नव्हे. पण घरोघर ९९ दिसतांच चिंता सुरू होते! निरोगी शरीराची उष्णताहि पहांटे कमी व सायंकाळीं अधिक असते. तसेंच ५० अंशांच्या पाण्यापेक्षां १०० अंशांचें पाणी ‘दुप्पट ऊन’ म्हणतां येत नाहीं, कारण सेल्सिअसचें शून्य हें उष्णतेचा अभाव नसून केवळ पाणी गोठण्याची खूण आहे.

म्हणूनच वैद्य आंकडा ऐकल्यावरहि विचारतो: मूल पाणी पितें का, ओळखतें का, खेळतें का? १०२ ताप असूनहि खेळणाऱ्या मुलापेक्षां १०० वर निपचित पडलेलें मूल अधिक काळजीचें असूं शकतें. तीन महिन्यांच्या आंतील तान्ह्याची गोष्ट मात्र उलट आहे. तें हसतें आहे, दूध पितें आहे, आणि तरीहि तापमापक १००.४ किंवा अधिक दाखवीत असेल, तर सकाळची वाट न पाहतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें लागतें.