उष्टे पाणी

दिव्यांच्या एकसर आणि समांतर जोडण्या शिकवून झाल्या, की वर्गाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: समांतर जोडणी चांगली. आम्हीही तेच धरून चाललो होतो. प्रयोगशाळेतला एक संगणक पाण्याने थंड करायची वेळ आली, तेव्हा याच समजुतीने आम्हांला फसवले.

अशा संगणकात तापणाऱ्या चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवतात. त्याच्या आतल्या बारीक खाचांतून पंप पाणी खेळवतो. तापलेले पाणी रेडिएटरमध्ये निवते आणि परत येते. आमच्याकडे दोन चिप होत्या: मुख्य प्रोसेसर सुमारे 150 वॅटचा, ग्राफिक्सची चिप 300 वॅटची. एकसर जोडणीत दुसरीला पहिलीचे ‘उष्टे’ गरम पाणी मिळणार, म्हणून आम्ही पाण्याला दोन फाटे फोडले.

आधी हिशेब करायला हवा होता. 1 किलोग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 4,180 ज्यूल लागतात. मिनिटाला 3 लिटर पाणी वाहत असेल, तर ते 1 अंशाने तापताना सेकंदाला सुमारे 210 ज्यूल, म्हणजे 210 वॅट, उचलते. म्हणजे 300 वॅटच्या चिपवरून जाताना पाणी तापते ते अवघे 1.4 अंशांनी! दोन्हींवरून गेले तरी 2.1 अंशांनी. चिप स्वतः पाण्यापेक्षा कितीतरी अंशांनी गरम असते. तिथे या उष्ट्याची काय मातब्बरी?

विजेशी तुलना इथेच तोकडी पडते. दिव्यांत विभवांतर वाटले जाते, तसा इथे दाब वाटला जातो, हे खरे. पण थंडावा दाबावर नव्हे, प्रत्येक ठोकळ्यातून किती पाणी जाते त्यावर ठरतो. एकसर जोडणीत सगळे पाणी प्रत्येक ठोकळ्यातून जाते, समांतर जोडणीत ते विभागले जाते. समांतरचा फायदा पंपाला होतो. सारखेच दोन ठोकळे आणि तेवढाच एकूण प्रवाह घेतला, तर ओहमच्या नियमासारख्या वागणाऱ्या संथ प्रवाहात दाबातली घट एकसरच्या चौथाई होते. खळाळत्या प्रवाहात दाबाची घट वेगाच्या जवळजवळ वर्गाने बदलते, त्यामुळे ती आठव्या हिश्श्यापर्यंत उतरते. पंप अगदीच दुबळा असेल, तर हा विचार जरूर करावा.

आमचे ठोकळे सारखे नव्हते. प्रोसेसरच्या ठोकळ्यातल्या खाचा फार बारीक. काही महिन्यांत तिथे गाळ अडकला आणि पाण्याने मोकळी वाट धरली. पंपाचा आवाज नेहमीसारखा, टाकीत पाणी फिरताना दिसत होते. प्रोसेसर मात्र तापून स्वतःचा वेग कमी करत होता, आणि आम्ही दोन दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो! एकसर जोडणीत सगळाच प्रवाह मंदावला असता आणि पहिल्याच दिवशी लक्षात आले असते.

सलाइनच्या नळ्या आणि ‘टी’ जोड घेऊन हे वर्गात दाखवता येते. दोन फाट्यांपैकी एक चिमटीत दाबा. बादलीत पाणी पडतच राहते.

महासंगणकाची गोष्ट वेगळी. तिथे थंड करायचे भाग शेकड्यांनी असतात. ते सगळे एकसर जोडले, तर 2 अंशांचे शेकडो अंश होतील आणि एक भाग दुरुस्तीला काढताना सगळेच बंद करावे लागेल. तिथे मुख्य नळातून समांतर फाटेच काढतात. प्रत्येक फाट्यावर प्रवाह आणि तापमान मोजण्याची सोय मात्र हवी. आमच्याकडे ती नव्हती. शेवटी आम्ही दोन्ही ठोकळे एकसर जोडले.