बापूकुटीची भिंत

सेवाग्रामला मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. वर्ध्याच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या घरी पाहुणा आला, की त्याला आश्रम दाखवणे ओघाने आलेच. बापूंची बैठक, साप धरण्याचा चिमटा, टेलिफोन, सारे पाठ केलेल्या धड्यासारखे दाखवायचे आणि चहाच्या वेळेला घरी परतायचे. भिंतींकडे मात्र मी कधी नीट पाहिले नव्हते.

गेल्या वर्षी आई सोबत होती. बैठकीपुढे तिने हात जोडले खरे, पण तिची नजर होती भिंतीवरच्या मातीच्या उठावातल्या ताडाच्या झाडांवर.

"काहून रे, हे झाडं कोनं केले?"

"मीराबेनने."

"गावातलीच होती का?"

"नाही आई. इंग्रज होती. आरमारातल्या मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी."

"असन. पण हात गावातला हाय."

मी गप्पच झालो. वर्गात मर्ढेकरांपासून पाटणकरांपर्यंत सौंदर्यशास्त्र बोलणारा मी. पण हे एक वाक्य मला सुचले नसते!

मॅडलिन स्लेड 1925 साली गांधीजींकडे आल्या, त्या बीथोवेनच्या संगीताचे वेड घेऊन. 1936 मध्ये गांधीजी शेगावात राहायला आले. 1940 साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनसाठी उभारलेली; गांधीजी तिथे नंतर राहायला गेले. ताडाची झाडे, चरखा, ॐ ही सारी त्यांच्या हातची. चौकट नाही, सही नाही.

त्याच 1936 च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरले आणि गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोसांनी बांबू नि गवत अशा गावच्याच सामानाने ते नगर सजवले. 1938 च्या हरिपुऱ्यासाठी त्यांनी शेतकरी, कारागीर, वादक यांची चित्रे रंगवली, ती येणाऱ्याजाणाऱ्या खेडुतांनी पाहावीत म्हणून. शांतिनिकेतनात त्यांच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद 1944 साली सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या मुलांना चित्रे नि मातीकाम शिकवत राहिले. थोडक्यात, रस्त्यावरच्या माणसासाठी कला ही गोष्ट आमच्या या मुलखाला नवी नाही. नवे आहे ते आमचे विसरणे.

परतताना एस.टी.त आई बोलत होती. माती दोन दिवस भिजवायची, शेण आणि कुटार घालून पायाने तुडवायची. भिंत आधी ओली करायची, नाहीतर उठाव धरत नाही. एकदम जाड थर द्यायचा नाही. पातळ द्यायचा, वाळू द्यायचा, तडे गेले की लिंपायचे, मग पुन्हा दुसरा. शेवटी पांढऱ्या मातीचा पोतारा. आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा सारवण. "भितीवरचं काम संपत नाही," ती म्हणाली.

मला आमच्या गावच्या घरातली धान्याची कोठी आठवली. तिच्यावर आईने काढलेले दोन मोर होते. तीन वर्षांपूर्वी मी ते घर पाडून सिमेंटचे बांधले. कोठी फुटली तेव्हा आई काही बोलली नाही. तुकडे तेवढे तिने परसात नेऊन टाकले. मी तेव्हा मजुरांचा हिशेब करीत होतो.

परसातली एक मातीची भिंत अजून उभी आहे. यंदा दिवाळीच्या आधी मी पायजमा वर खोचून स्वतः माती तुडवली. शेजारचे दोघे-तिघे 'सरांना काय झाले' म्हणून पाहायला आले, आणि त्यांतल्या एका आजींनी न विचारताच हात घातला. माझा मोर तिसऱ्या दिवशी मानेपाशी तडकला. आईने बोट फिरवून पाहिले.

"कुटार कमी पडलं," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या मागितला.