बोटं संपतात तिथून पुढे

दूध आटवून झाल्यावर पातेल्याची खरवड चमच्याने काढताना एकदा नीट लक्ष द्या. साय कुठे घट्ट बसलीय, कुठे जराशी करपलीय, खालचा गुळगुळीत तळ कुठे लागला, सगळं कळतं. कुठे कळतं? चमचा धरलेल्या बोटांत नाही, चमच्याच्या टोकाशी! तिथे ना कातडी, ना मज्जातंतू. तरी स्पर्श होतो तो तिथेच.

रेबेका हॉर्न या जर्मन कलावतीने हे कोडं चक्क हातात घातलं. १९७२ साली तिने कापड आणि बाल्सा लाकूड वापरून हातमोजे केले. त्यांची बोटं हातभर लांब, काळी, सरळ. बाल्सा इतकं हलकं, की बोटांना ओझं जाणवू नये. ते घालून खाली न वाकता जमिनीवरची वस्तू चाचपता येई. वस्तू लांबच राहायची, स्पर्श मात्र तिच्यापर्यंत पोचायचा.

हे सुचलं ते आजारपणातून. १९६४ मध्ये, विशीतली हॉर्न बार्सिलोनात फायबरग्लासची शिल्पं करत होती, तोंडाला मास्क न लावता. फुप्फुसांत विष भिनलं आणि जवळपास वर्षभर सॅनेटोरियममध्ये पडून राहावं लागलं. जड काम बंद झालं. अंथरुणात बसून जमेल तेवढंच उरलं: रंगीत पेन्सिली, कापड, सुई-दोरा. खाटेला खिळलेलं माणूस हात लांबवायचा विचार करतं, हे मला फार खरं वाटतं. उशाचा तांब्या वीतभर लांब राहिला की काय होतं, ते आजारी माणसालाच ठाऊक.

आणि ते चमच्याचं कोडं? संशोधक ल्यूक मिलर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग मांडला. माणसांच्या हाती लाकडी दांडा दिला. दांड्याला धक्का नेमका कुठे बसला, ते त्यांना न बघताही अचूक सांगता येत होतं. धक्क्याची जागा बदलली की दांड्यातल्या कंपनांची ठेवण बदलते. ती कंपनं तळहातात उतरतात आणि मेंदू त्यांवरून जागा ओळखतो. दांडा जणू आपलंच अंग! काठीने रस्ता चाचपणाऱ्या अंध माणसाचा स्पर्शही असाच काठीच्या टोकाला असतो.

हॉर्न पुढे आणखी एक पाऊल गेली. १९७४-७५ मध्ये बर्लिनमधल्या एका फिल्मसाठी तिने पुन्हा लांब बोटं केली, या वेळी खोलीचं माप घेऊन. शिंपी अंगाच्या मापाने कपडा बेततो. हिने खोलीच्या मापाने हात बेतले. मधोमध उभं राहून हात पसरले की टोकं दोन्हीकडे नेमकी टेकतात. मग ती चालू लागते आणि दोन्ही भिंतींवर एकाच वेळी खरखर उमटत जाते.