स्वयंचलित गिअरबॉक्सांतील जादा तेल

तेल कमी पडलें तर यंत्र बिघडतें हें सर्वांस ठाऊक आहे. तें जास्त झाल्यानेंही बिघडतें, ही गोष्ट मात्र आमच्या पवनीसारख्या गांवीं पुष्कळांच्या ध्यानीं नसते.

साध्या गिअरबॉक्सांत तेलाचें मुख्य काम वंगणाचें. १९४० सालच्या ओल्ड्समोबील मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ गिअर आला, त्यांत तेलावर आणखी एक काम पडलें: पंपाच्या दाबानें क्लच आवळून गिअर बदलण्याचें. द्रव दाबला जात नाहीं, म्हणून हें साधतें. परंतु पातळी फार चढली कीं फिरते भाग तेलांत बुडतात आणि डेऱ्यांत रवी फिरावी तसा फेस होतो. फेसांत हवा असते, आणि हवा तर सहज दाबली जाते! मग क्लच घसरतो, गिअर उशिरां पडतो, उष्णता वाढते, आणि हवेच्या छिद्रांतून तेल बाहेर येतें. गळती पाहून मालक आणखी तेल ओततो, हा त्यांतला खरा अनर्थ.

मूळ चूक बहुधा मोजण्यांत असते. तेल तापलें कीं फुगतें. थंड तेल ‘गरम’ खुणेपर्यंत भरलें, तर उमरेडवरून नागपूर गांठेपर्यंत तें खुणेच्या वर गेलेंच म्हणून समजा. यास्तव गाडी चांगली तापल्यावर सपाट जागीं उभी करावी, ब्रेक दाबून दांडी सर्व गिअरांतून फिरवावी, ‘पार्क’मध्यें आणावी, आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी पुसून पुन्हां बुडवावी. कांहीं गाड्यांत इंजिन बंद करून मोजतात. तेथें गाडीची पुस्तिका प्रमाण.

पातळी केसभर वर असल्यास चिंता नको. बोटभर असल्यास गाडी पुढें हांकूं नये. इंजिन बंद करून, तेल थोडें निवल्यावर, पट्टीच्या नळींतून बारीक नळी सोडावी व हातपंपानें थोडथोडें तेल काढावें. मग पुन्हां वरील रीतीनें मोजावें. नळी तोंडानें कदापि ओढूं नये. काढलेलें तेल नाल्यांत ओतूं नये. आमची वैनगंगा जवळच आहे. तें गॅरेजच्या पिंपांत द्यावें.

पुष्कळ नव्या गाड्यांत पट्टीच नसते. तेथें ठराविक उष्णतेवर खालचें बूच उघडून जादा तेल वाहूं देतात. तें काम कारागिराचें. २०१४ सालीं मारुती सेलेरिओंत आलेल्या ‘एएमटी’ची गोष्ट निराळी: तिचा गिअरबॉक्स मुळांत साधाच असतो, आणि त्याचें तेलही वेगळें. तेल बदलून घेतांना कारागिरास एवढेंच सांगावें, कीं निघालेलें तेल मोजून ठेव आणि आधीं तेवढेंच भर.