शेवटच्या भोजनातील जर्मन शिपाई

येशूचे अखेरचे भोजन रात्री आणि आडवे रेलून झाले असावे, असे अभ्यासक मानतात. चित्रकार लिओनार्दोने मात्र आपल्या चित्रात सर्वांना मेजामागे बसवून खिडक्यांत दिवसाचा उजेड ठेवला, आणि ही विसंगती आजही फारशी कोणाला खटकत नाही. व्हेनिसच्या पाओलो वेरोनेझेने १५७३ मध्ये त्याच प्रसंगाच्या सुमारे १३ मीटर रुंद चित्रात पोपट घेतलेला विदूषक, नाकातून रक्त वाहणारा नोकर आणि सशस्त्र जर्मन शिपाई रंगविले, तेव्हा इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाचा तपास करणाऱ्या चर्चच्या न्यायपीठाने, त्याला बोलावून घेतले. कवी आणि वेडे घेतात तीच मोकळीक चित्रकार घेतात, हा त्याचा (काहीसा धीट) बचाव फेटाळून तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र सुधारण्याचा हुकूम झाला. वेरोनेझेने शिपाई जागीच ठेवून चित्राचे नाव तेवढे ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असे केले, कारण शुभवर्तमानानुसार जकातदार लेवीच्या पंगतीला पापी माणसे होतीच.